खिडकी नंबर तीन

शनिवारी रात्री सर्व्हर बदलला.
कंधार नगरपरिषदेचा वरचा मजला,
टेबल फॅनचं तोंड सर्व्हरकडे, माझ्याकडे पाठ.
दोन वाजता सगळे दिवे हिरवे झाले.
नांदेडला फोन करून सांगितलं, झालं बघा,
आणि तिथंच बाकड्यावर आडवा झालो.

सोमवारी तस्नीम इनामदारांचा फोन :
"पहिली खिडकी चालू, दुसरी चालू.
तिसरी बोलंना गेलीय."

तिसऱ्या खिडकीचं मशीन जुनं.
त्यात एक ड्रायव्हर बसलाय, बारा वर्षं झाली.
गाडी नाही, रस्ता नाही, हा नुसता निरोप्या :
खिडकीचं म्हणणं सर्व्हरच्या भाषेत,
सर्व्हरचं खिडकीच्या.
नवा सर्व्हर दारातच खूण विचारतो, नव्या पद्धतीची.
हा जुनीच सांगतोय.
दर तीन सेकंदांनी, पुन्हा तीच,
न चिडता.

हा काढून नवा बसवावा
तर प्रोग्रॅम लिहिणारी लातूरची कंपनी बंद.
तिथं आता चष्म्याचं दुकान आहे.

मग सर्व्हरलाच समजावलं. एक ओळ लिहिली :
जुन्या खुणेनं आलेल्यालाही आत घे.
नियमात बसत नाही ही ओळ.
वहीत तारीख टाकून खाली सही केली.

तिसरी खिडकी बोलायला लागली.
मी चहाला गेलो.
चाळीस मिनिटांनी परतलो तर
बाळाचं नाव : ????
आईचं नाव : ??????
राहणार : ?????
"सकाळपासून गावात एकच पोरगं जन्मायलंय का हो,"
तस्नीमबाई म्हणाल्या. रांग हसली.
इरबा केंद्रे हसले नाहीत.
त्यांना वडलांच्या जन्माचा दाखला पाहिजे होता.
साल फसली तेराशे त्रेपन्न.

तेवढं जुनं कुठल्याच मशीनमध्ये नाही.
त्यासाठी दर सोमवारी गफूर साहेब येतात,
रिटायर होऊन सतरा वर्षं झालेले,
पाण्याच्या फिल्टरशेजारची खुर्ची त्यांची.
उर्दू रजिस्टर उजवीकडून उघडतात,
मराठीत सांगतात, कारकून लिहून घेतो.
"महिना इस्फंदार," ते म्हणाले.
कारकुनानं पाचशे नव्वद मिळवून त्रेचाळीस लिहिलं.
"खोडा. बहमनपर्यंत नव्वद.
इस्फंदारपासून एक्याण्णव.
साल मध्येच पलटतं बाबा, लोक इथंच चुकतात.
चव्वेचाळीस लिहा."
इरबा म्हणाले, "म्हंजी म्हातारा एक वर्षानं ल्हान निघाला की."

मी परत मशीनपाशी बसलो.
ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता.
अक्षरं कुठल्या लिपीत मोजायची
हे नवा सर्व्हर वेगळ्या आकड्यात सांगत होता,
तो आकडा ह्याच्या वहीत नव्हता,
म्हणून जे कळेना तिथं हा प्रामाणिकपणे
प्रश्नचिन्ह ठेवत होता.
सकाळपासून मी त्याला नावं ठेवत होतो.
आता नावं कशी ठेवायची ते एका ओळीत सांगितलं.

पडद्यावर पहिलं नाव उमटलं : जिजाबाई शेषेराव गुट्टे.
काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.
तस्नीमबाईंनी ते मोठ्यानं वाचलं,
रांगेत कुणी "हाव" म्हणालं.

पण चाळीस मिनिटांत भरलेली अकरा नावं
आतून पुसली गेली होती.
प्रश्नचिन्हातून परत नाव काढता येत नाही,
हे मला सांगावं लागलं. दोनदा.
कागदांची चळत काढली, एकेक पुन्हा भरलं.
दहा झाली.

अकराव्या अर्जावर कुणाचा तरी चहा सांडलेला.
मोबाईल नंबर अर्धा, सहीच्या जागी अंगठा.
तस्नीमबाईंनी तो पालथा करून पाहिला,
मग पाण्याच्या फिल्टरकडे नेऊन दिला.

गफूर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद खिडकीच्या उजेडात धरला.
"पहिलं अक्षर म आहे," म्हणाले.
बराच वेळ
पुढचं काही बोलले नाहीत.